चर्चची दुरुस्ती काढताय? गोव्यातले नेहमीचे प्रश्न

बांधकाम खात्यात ज्युनियर इंजिनियर म्हणून नोकरी झाली, आता निवृत्त आहे. घर बार्देशात. घरात मराठी, दाराबाहेर कोंकणी, आणि शेजार बहुतेक ख्रिस्ती. इथल्या फादरांनी एकदा "भाई, जरा शिडीवर चढून बघता?" म्हणून हाक मारली, तेव्हापासून हे काम मागे लागलं ते लागलंच. त्यानंतर काही चर्चं आणि बरीच कपेलं (छोटी प्रार्थनाघरं) आतून-वरून पाहिली. प्रश्न मात्र सगळीकडे तेच. विचारणाऱ्यांत फाब्रिकेचे (चर्चचा पैसा आणि मालमत्ता सांभाळणाऱ्या मंडळाचे) खजिनदार असतात, सावंतवाडीकडून येणारे सुतार असतात, वाड्यावरचे पंच असतात. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

सुरुवात कुठून करायची? लोक म्हणतात आधी रंगकाम करूया, फेस्त (चर्चचा वार्षिक उत्सव) जवळ आलंय.

छपरापासून. रंग सगळ्यात शेवटी. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. छप्पर गळत असताना भिंत रंगवणं म्हणजे ओल्या अंगावर इस्त्रीचा सदरा.

छपराखाली चढलात की भिंतीच्या माथ्यावर आडवी बसवलेली लाकडी तुळई दिसेल. कैच्यांचे, म्हणजे छपराच्या तिकोनी लाकडी चौकटींचे, पाय तिच्यावर टेकतात. गळतीचं पाणी बहुतेक वेळा तिथेच मुरतं, आणि खालून ते कुणालाच दिसत नाही. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवून दाबून बघा. चांगल्या सागवानात ते जेमतेम रुततं. एका कपेलात माझा स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर ओढला तर टोकाला ओली भुकटी आणि दोन पांढऱ्या वाळव्या. खाली समिती रंगाच्या नमुन्यांचं पुस्तक चाळत बसली होती, हस्तिदंती घ्यायचा की पांढरा यावर.

क्रम असा धरा: छप्पर, पन्हळी, जोत्याभोवतीचं पाणी बाहेर काढणं, मग भिंती, मग वीज, मग फरशी आणि रंग. विजेची वायरिंग जुनी असेल तर तिला वर आणा. कोरडं लाकूड आणि कापडी आवरणाची वायर एकत्र आली की मेणबत्तीचीही गरज उरत नाही.

छपराचा खर्च अंदाजाने सांगता येईल का?

रुपयांत नाही सांगणार, दर दर वर्षी हलतात. पण मोजायचं कसं ते सांगतो, म्हणजे कुणी फुगवून सांगितलं तर कळेल.

समजा मुख्य दालन आतून ३० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद आहे. म्हणजे जमिनीवर ३६० चौरस मीटर. छप्पर उतरतं असतं म्हणून खरं क्षेत्रफळ जास्त. ३५ अंशांचा उतार धरला तर सुमारे ४४० चौरस मीटर. भिंतीबाहेर येणारी पावळी यात धरलेली नाही, ती वेगळी मोजा. मंगळूर कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात, म्हणजे ६,६००. फुटतूट धरून दहा टक्के वर, ७,२६० कौलं. एक कौल अडीच ते तीन किलोचं. म्हणजे साडेसोळा ते वीस टन कोरडा भार वाशांवर बसतो. पावसात भिजल्यावर त्याहून जास्त. हे गणित घरी बसून कागदावर होतं. दोन कंत्राटदारांच्या कौलांच्या आकड्यात हजारभराचा फरक असेल तर एकाने मोजलंय आणि दुसऱ्याने बघून सांगितलंय.

जुनी कौलं सरसकट टाकू नका. हातात धरून बोटाच्या पेराने टकटक करा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर बाजूला. पण जुनी आणि नवी एकाच उतारावर मिसळू नका, प्रत्येक कारखान्याच्या साच्याच्या खाचा थोड्या वेगळ्या असतात आणि ती एकमेकांत नीट बसत नाहीत. जुनी सगळी एका बाजूला, नवी दुसऱ्या बाजूला.

माझ्या पहिल्या अंदाजपत्रकात मी कौलं, रिपा, वासे सगळं धरलं आणि परांची विसरलो. चर्चच्या उंचीला परांची ही मोठी रक्कम असते. फादर रागावले नाहीत, पण त्या वर्षीचा आवाराच्या कुंपणाचा बेत गेला. अजून विषय निघाला की मान खाली जाते.

आणि जुन्या इमारतीला दहा टक्के जादा ठेवून भागत नाही. पंधरा-वीस टक्के बाजूला ठेवा. कौलं उतरवल्याशिवाय खाली काय आहे ते कुणालाही कळत नाही.

कौलं काढून एकदाच स्लॅब टाकली तर कटकट मिटेल ना?

हा प्रश्न दर सभेत येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा घरावर स्लॅब टाकून सुखी झालेला असतो.

सव्वाशे मिलिमीटर जाडीची स्लॅब चौरस मीटरला सुमारे ३१० किलो. कौलं चाळीस-पंचेचाळीस किलो, लाकूड वेगळं. भिंती चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या), चुन्यात किंवा मातीत रचलेल्या, आत सळई नाही. हा भार पेलायला त्या बांधलेल्याच नाहीत. शिवाय समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत स्लॅबमधली सळई गंजली की पापुद्रे सुटायला लागतात, आणि तेव्हा खाली बाक नाहीत, माणसं असतात.

कौलांवर पत्रा घालायचा मधला मार्ग लोक काढतात. तात्पुरता म्हणून ठीक. पण पत्र्याखाली हवा कोंडली की लाकूड घाम धरतं, आणि खाली चाललेली गळती दिसेनाशी होते. पैसे जमेपर्यंत दोन पावसाळे काढायला पत्रा घाला, विसरून जायला घालू नका.

भिंतीला सिमेंटचा गिलावा का नको? मजबूत असतो की.

मजबूत असतो, तीच अडचण. चिरा हा सच्छिद्र दगड. तो पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला श्वास घेऊ देतो. सिमेंट घट्ट असतं. जमिनीतून आणि माथ्यावरून आलेलं पाणी मग भिंतीत कोंडतं, त्यातले क्षार गिलाव्यामागे स्फटिक होऊन फुगतात, भिंतीला लोणा लागतो. दोन-चार पावसाळ्यांनी गिलावा पोळीसारखा सुटतो आणि सुटताना चिऱ्याचा चेहरा सोबत घेऊन येतो. वरून प्लास्टिक इमल्शन मारलं असेल तर भिंतीवर फोड येतात. बोटाने दाबले तर आतून पाणी निघतं.

उलट टोकाचं उदाहरण जुन्या गोव्यात सगळ्यांनी पाहिलंय. बॉम जेझुस बासिलिका १६०५ मध्ये पूर्ण झाली, आणि विसाव्या शतकाच्या पन्नाशीत तिच्या बाहेरचा गिलावा काढून टाकला गेला. लाल दगडाचं चर्च म्हणून पर्यटक फोटो काढतात. दगड मात्र तेव्हापासून पावसाला उघडा पडलाय आणि झिजतोय. गिलावा म्हणजे नुसती शोभा नाही, तो भिंतीचा रेनकोट आहे. फक्त रेनकोट श्वास घेणारा हवा.

चुना विझवायला आणि मुरवायला वेळ लागतो, गिलावा लावल्यावर त्याला दिवसेंदिवस ओला ठेवावा लागतो, आणि तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो. घाईच्या कंत्राटदाराला हे परवडत नाही, म्हणून तो 'चुन्यात थोडं सिमेंट टाकू' म्हणतो. त्याचं ते 'थोडं' किती, ते समोर उभं राहून बघा.

काम कोणत्या महिन्यात काढायचं?

कॅलेंडर घेऊन बसा. जून ते सप्टेंबर पाऊस. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस फसवतो. ३ डिसेंबरला सां फ्रान्सिस्क शावियेर, ८ डिसेंबरला मेरीमातेचं कोन्सेसांव, मग नाताळ. आगमनकाळात (नाताळाआधी) आणि कोरेज्मात (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) लग्नं सहसा नसतात, त्यामुळे नाताळानंतर लग्नांची रांग लागते. मग कोरेज्म आणि पास्क (ईस्टर). मधेच तुमचं स्वतःचं फेस्त.

म्हणजे कौलं उतरवायला खरा वेळ जानेवारी ते एप्रिल. मे पंधराच्या आत छप्पर बंद झालंच पाहिजे. लाकूड मात्र आदल्या पावसाळ्याआधी घेऊन सुकत ठेवा. ओला वासा छपरावर चढवला की वर्षात पिळतो आणि कौलांच्या ओळी सापासारख्या होतात.

त्या काळात मिसा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) कुठे? हॉलमध्ये किंवा आवारात मांडव घालून. फादर ठरवतात. पण लग्न ठरलेल्या घरांना वर्षभर आधी सांगा. आयुष्यभराचे फोटो निळ्या ताडपत्रीखाली निघालेली एक नवरी अजून माझ्याशी बोलत नाही.

चर्चमध्ये परवानगी कुणाची? फादरांनी हो म्हटलं की झालं?

नाही. फादर विगार फाब्रिकेचे अध्यक्ष असतात, पण मालक नव्हेत. कॅनन कायद्याप्रमाणे (१९८३ ची संहिता) प्रत्येक पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतल्या भक्तसमुदायात) अर्थविषयक मंडळ असावं लागतं. ते कॅनन ५३७. नेहमीच्या कारभाराबाहेरचा खर्च करायचा तर वरिष्ठांची लेखी परवानगी लागते. ते कॅनन १२८१. फुटलेली दहा कौलं बदलणं हा नेहमीचा कारभार. सगळं छप्पर उतरवणं हा नाही. आकड्याची मर्यादा धर्मप्रांत ठरवतो, म्हणून आधी आल्तिनोला पणजीत आर्चबिशप हाऊसमध्ये विचारा, अंदाजपत्रक मागाहून पक्कं करा.

आणखी दोन कॅनन खिशात ठेवा. १२१६ सांगतो की चर्च बांधताना आणि दुरुस्त करताना उपासनेचे आणि पवित्र कलेचे नियम पाळायचे आणि जाणकारांचा सल्ला घ्यायचा. ११८९ सांगतो की मौल्यवान मूर्ती किंवा चित्र दुरुस्त करायचं तर लेखी परवानगी लागते, आणि ती देण्याआधी जाणकारांना विचारलं जातं. मी हिंदू माणूस, पण हे दोन कॅनन मला तोंडपाठ झालेत, कारण 'आमचा पेंटर सांताला छान रंग देतो' हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय.

कोन्फ्रारियेचे (चर्चशी जोडलेल्या भक्तमंडळाचे) पैसे फाब्रिकेचे नव्हेत, हेही लक्षात असू द्या. तिचा कोंप्रोमिस, म्हणजे नियमावली, वेगळी आणि वही वेगळी. तिने मदत करायची तर तिचा ठराव हवा. आणि वाड्यावरचं कपेल चर्चचंच असेल असं धरून चालू नका. काही कपेलं खासगी घराण्यांची, काही कोमुनिदादच्या (गावाच्या जुन्या सामाईक जमीन-संस्थेच्या) जमिनीवर. जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढल्याशिवाय एक पैसा खर्च करू नका.

सरकारी कागद कोणते?

गावात पंचायतीचा दुरुस्ती परवाना, शहरात पालिकेचा. उंची, आकार किंवा बाहेरचं रूप बदलत असेल तर नगर नियोजन खातं. चर्च वारसा परिसरात येत असेल तर तिथेही तेच खातं आडवं येतं, आणि यावं. किनाऱ्याजवळ किंवा खाडीकाठी असाल तर सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांचा, विषय निघतो.

जवळ केंद्रीय संरक्षित स्मारक असेल तर फार जपा. १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यात २०१० ला झालेल्या दुरुस्तीनुसार स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर निषिद्ध क्षेत्र आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. निषिद्ध क्षेत्रात नवं बांधकाम नाही; पण १६ जून १९९२ आधीपासून उभ्या असलेल्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. जुन्या गोव्यात हे रोजचं आहे. तिथली चर्चं आणि कॉन्व्हेंट १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. चर्च स्वतःच संरक्षित असेल तर कौलालाही स्वतःहून हात लावायचा नाही, आधी पत्र.

दुरुस्ती पुढे ढकलली तर काय होतं?

जुन्या गोव्यात सां आगुस्तीन चर्चचा उरलेला मनोरा बघून या. धर्मसंघ बंद झाले आणि १८३५ मध्ये संन्यासी गेले. १८४२ मध्ये चर्चची कमान कोसळली. सात वर्षं, बस्स. से कॅथेड्रलचा दुसरा मनोरा तर १७७६ मध्ये, चर्च नांदतं असतानाच पडला.

तुमच्याकडे बहुधा मनोऱ्यावर पिंपळ उगवलेला असेल. तो ओढून उपटू नका, मुळांबरोबर चिरा सुटून येतो. वरून कापा, बुंध्याला औषध लावा, मूळ मेल्यावर भेगा चुन्याने भरा.

पैसे कुठून उभे करायचे?

गावातून. हे आधी मान्य करा, मग बाकीचे मार्ग बघा. समजा ४०० घरं आहेत आणि प्रत्येक घराने महिन्याला ५०० रुपये दिले, तर वर्षाला २४ लाख. सगळी घरं देणार नाहीत, निम्म्यांनी दिले तरी १२ लाख. तीन वर्षांत छप्पर होतं, तेही कुणा एकाच्या उपकाराशिवाय.

पण लोक देतात कधी? मी पाहिलेलं सांगतो. एका पॅरिशने 'चर्च नूतनीकरण निधी' म्हणून वर्षभर पेटी ठेवली, खालचा तांब्याचा पैसाही हलेना. दुसऱ्या वर्षी खजिनदाराने पेटी उचलून दारात फळा लावला. फळ्यावर छपराचं चित्र, त्यावर पंचवीस चौकोन, प्रत्येक चौकोन म्हणजे तीनशे कौलं, रिपा आणि मजुरी. चौकोन भरला की लाल खडू. दर रविवारी खाली तीन आकडे: जमा, खर्च, शिल्लक. एक म्हातारी बाय दर रविवारी मिसेनंतर फळ्यासमोर उभी राहायची, चष्मा पुसून आकडे वाचायची आणि मग पाकीट द्यायची. आकडा बदलला नसेल तर पाकीट परत पर्समध्ये. त्या पॅरिशचं छप्पर दोन हंगामांत झालं.

फेस्ताच्या प्रेझिदेंतांशी आधी बोला. फटाके आणि बँड थोडे आवरले तर एक-दोन चौकोन भरतात, आणि त्यांचं नाव फळ्यावर येतं ते वेगळंच. तियात्राचा प्रयोग, हावजी (आकड्यांचा खेळ), खाद्यमेळा यांतून पैसा येतो, पण त्याहून जास्त माणसं येतात. कोमुनिदाद पूर्वी गावच्या देवळाला आणि इगर्जीला दोन्हींना देत आली आहे. आजही तिच्याकडे रीतसर अर्ज करायला हरकत नाही.

परदेशातल्या आपल्या माणसांकडून पैसे घेता येतात का?

इथे थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो आणि तोही चांगल्या मनाने.

भारतीय पासपोर्ट असलेला माणूस दुबईत असो की कुवेतमध्ये, स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवत असेल तर ती परकीय देणगी होत नाही. पण त्याच घरातला त्याचा भाऊ पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेला असेल, तर त्याने दिलेले पैसे परकीय देणगी. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळतं ते) असलं तरीही. तो सुट्टीवर घरी आला आणि रुपयांत, इथल्या बँकेतून दिले तरीही. कायदा पैशाचा रंग बघत नाही, देणाऱ्याचं नागरिकत्व बघतो.

परकीय देणगी घ्यायची तर २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. आणि 'दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे घेऊ, ती आपल्याला देईल' हा जुना मार्गही बंद झाला. एका संस्थेने घेतलेली परकीय देणगी दुसरीला देता येत नाही.

माझ्या ओळखीच्या एका खजिनदाराने इंग्लंडमधल्या स्विंडनहून आलेली मोठी रक्कम आनंदाने फळ्यावर लिहिली. पाठवणारा त्याच्याच वाड्यावरचा, लहानपणी एकत्र क्रिकेट खेळलेला. सीएने विचारलं, पासपोर्ट कुठला? मग रक्कम परत, फळ्यावरचा लाल चौकोन परत कोरा, आणि मित्राला फोनवर समजावताना खजिनदार घामाघूम. म्हणून बाहेरून पैसे येण्याआधी पासपोर्टची प्रत मागा. राग आला तर येऊ दे.

करसवलतीची पावती देता येईल?

बहुतेक पॅरिशना नाही. निव्वळ धार्मिक कामाच्या देणगीला ८०जी ची सवलत सहसा मिळत नाही. अपवाद एक: १९६१ च्या आयकर कायद्यात ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाचं, किंवा ख्यातीचं सार्वजनिक प्रार्थनास्थळ म्हणून केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या स्थळाच्या दुरुस्तीला दिलेल्या देणगीवर निम्म्या रकमेची वजावट आहे, तीही मर्यादेत. यादीत नाव नसताना पावतीवर '८०जी' छापू नका. सीएला विचारा, आता नवा आयकर कायदा आलाय आणि कलमांचे क्रमांक बदललेत.

रोख दोन लाख किंवा त्याहून जास्त एका माणसाकडून घ्यायची नाही. कंत्राटदाराला पैसे देताना टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापायचा: एकटा माणूस असेल तर एक टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर दोन. त्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, काढावा लागतो. लोक काम अर्ध्यावर आल्यावर शोधायला लागतात.

आमदार-खासदार निधीतून मिळेल?

खासदार निधीतून प्रार्थनास्थळात काम करता येत नाही. चर्च, देऊळ, मशीद, सगळ्यांना सारखंच. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये (सामाजिक कामाच्या निधीत) मात्र ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंची दुरुस्ती बसते, त्यामुळे चर्च खरोखर जुनं आणि महत्त्वाचं असेल तर चांगला प्रस्ताव करा. जुने फोटो, नकाशे, भिंतींच्या नोंदी, कॉन्झर्व्हेशन आर्किटेक्टचा अहवाल. वारसा जपणाऱ्या इंटॅक संस्थेचा गोवा विभाग आहे. पहिला सल्ला तिथे विचारता येतो.

मोठा देणगीदार म्हणतो, 'सगळी फरशी मी देतो, इटालियन मार्बल.' काय करायचं?

आधी चहा द्या. मग सांगा की छप्पर झालेलं नाही.

कॅनन १२६७ प्रमाणे विशिष्ट कामासाठी दिलेली देणगी त्याच कामाला वापरायची. म्हणजे फरशीचे पैसे एकदा घेतले की छपराला लावता येत नाहीत. म्हणून पैसे घेण्याआधी हेतू लिहून घ्या, आणि शक्य तर 'दुरुस्तीच्या मंजूर आराखड्यातील कोणत्याही कामासाठी' असं लिहून घ्या.

फरशीखाली काय आहे तेही त्याला दाखवा. जुन्या चर्चमध्ये थडग्यांच्या शिळा असतात, त्यावर पोर्तुगीजमध्ये नावं, कधी कुलचिन्हं. त्यावर चकचकीत टाइल बसवली की गावाचा दप्तरखाना गाडला जातो. पॉलिशही नको, अक्षरं झिजतात.

आल्तार (वेदी) आणि मूर्तींचं काय? गावचा पेंटर स्वस्तात करून देतो.

सोनेरी रंगाचा डबा आल्तारापासून दूर ठेवा. जुन्या आल्तारावर सोन्याचा वर्ख असतो. त्यावर सोनेरी रंग मारला की तो काळपट होतो आणि काढायला दहापट खर्च. कामाच्या वेळी आल्तार, मूर्ती, चित्रं यांना सुती कापड गुंडाळा, प्लास्टिक नको, आत घाम धरतो. शक्य तेवढं हलवा, आणि हलवण्याआधी प्रत्येकाचे चार बाजूंनी फोटो. दुरुस्ती खरंच हवी असेल तर प्रशिक्षित संवर्धकाला बोलवा. जुन्या गोव्यात सांता मोनिकामधल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात जाऊन बघा, जुन्या वस्तू कशा ठेवतात ते तिथे डोळ्यांना कळतं. शिंपल्यांच्या खिडक्याही काढून काच लावू नका. मोडक्या घरांतून उतरलेले शिंपले सुतारांकडे मिळतात.

कंत्राट एकरकमी द्यावं की मोजमापावर?

छपराला मोजमापावर. किती वासे कुजलेत हे आधी कुणालाच ठाऊक नसतं, मग एकरकमी आकडा सांगणारा एकतर जास्त लावतो नाहीतर कुजका वासा रंगवून परत बसवतो. दर ठरवा, मोजणीची वही ठेवा, प्रत्येक बिलावर फाब्रिकेचा एक माणूस आणि तुमचा इंजिनियर दोघांच्या सह्या. दर जीएसटी धरून की सोडून ते पहिल्या ओळीत लिहा. प्रत्येक बिलातून पाच-दहा टक्के अनामत राखा आणि एक पावसाळा गेल्यावर द्या. चांगला कंत्राटदार याला नाही म्हणत नाही.

काढलेलं जुनं सागवान कुणाचं? करारात लिहा, चर्चचं. नाहीतर सकाळी टेंपो येतो.

तुम्ही हिंदू. चर्चसाठी एवढं कशाला? आणि हिंदूंनी वर्गणी द्यावी का?

म्हापशात मिलाग्र सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताला तेल घेऊन जाणाऱ्या हिंदूंना हा प्रश्न कुणी विचारत नाही. ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण, असं माझी आजी सांगायची आणि तिला त्यात काही विशेष वाटत नसे. आमच्याकडे देवाला कौल लावतात, त्यांच्याकडे देवावर कौल घालायचं आहे. वर्गणी दोन्हीकडे लागते. कुणी स्वखुशीने दिलं तर पावती द्या, फळ्यावर लिहा. दारोदार मागायला मात्र जाऊ नका, देणाऱ्याला नाही म्हणायची जागा राहिली पाहिजे.

पैसे मध्येच संपले तर?

उघडं टाकू नका, एवढंच. काम उतारानुसार तोडा: पहिल्या वर्षी दक्षिणेकडचा उतार, तो पूर्ण बंद, दुसऱ्या वर्षी उत्तरेकडचा. दोन्ही बाजू एकदम उघडायच्या तर अख्ख्या छपराचे पैसे बँकेत हवेत, आश्वासनांत नव्हे. बँकेचं कर्ज चर्च गहाण ठेवून काढायचा विचार कुणाच्या डोक्यात आला तर आधी आल्तिनोची लेखी परवानगी.

काम झाल्यावर काय करायचं?

हिशोब लोकांना सांगायचा. कॅनन १२८७ तेच सांगतो. शेवटचं बिल दिल्यावर फळ्याचा फोटो काढून ठेवा. विम्याची रक्कम नव्या किमतीने वाढवा. दोनशे कौलं जादा आणून मागच्या खोलीत रचा, त्याच कारखान्याची. दर मेमध्ये पन्हळी साफ, मनोऱ्यावर एक चक्कर, माळ्यावर टॉर्च घेऊन एक चक्कर, आणि काय दिसलं ते तारखेसह वहीत.

आणि माळ्याची चावी कुणाकडे ते त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आमच्याकडे पहिल्या वर्षी शिडी मिळाली, टॉर्च मिळाला. चावी जुन्या साक्रिस्तांवाच्या (चर्चच्या सेवेकऱ्याच्या) कोटाच्या खिशात होती, ती सापडेपर्यंत जूनचा आठवडा उलटला होता.